इपॉक्सीचे कवच : सर्फबोर्डवर काचकापड कसे बसते?

नवी मुंबई, प्रतिनिधी

बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी गेले, की चिखलात कलंडलेल्या होड्या दिसतात. त्यांतल्या फायबरच्या होड्या लगेच ओळखू येतात. लाकडी फळ्यांचे सांधे नाहीत, खिळे नाहीत, डांबराचा वास नाही. ज्याला आपण सरसकट ‘फायबर’ म्हणतो, ते वस्तुतः दोन पदार्थांचे मिश्रण आहे. काचेचे बारीक धागे ताण सोसतात आणि त्या धाग्यांना जागच्या जागी धरून ठेवण्याचे काम रेझिन म्हणजे कृत्रिम राळ करते. समुद्राच्या लाटांवर उभे राहून स्वार होण्यासाठी जी फळी वापरतात, त्या सर्फबोर्डचे अंगही याच जोडीने घडलेले असते. फरक एवढाच, की होडीची भिंत काही मिलिमीटर जाड असते, तर सर्फबोर्डचे कवच बहुधा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. सत्तर किलोचा माणूस त्यावर उभा राहतो, पायाच्या टाचा रोवतो, फेसाळत्या लाटेखाली तो बोर्ड उलटापालटा होतो. आणि हे सारे ते पातळ कवच सोसते.

नवी मुंबईला लाट नाही. ठाणे खाडी आणि पनवेल खाडी यांच्या संथ पाण्यात सर्फिंग होत नाही. परंतु रेझिन, काचकापड, थर्माकोल हे सर्फबोर्डचे सारे सामान औद्योगिक शहरातले आहे आणि दमट हवेत रेझिन कसे वागते, हा प्रश्न तर या शहराला चांगलाच लागू पडतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली सर्फिंगच्या स्पर्धा प्रथमच झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये तमिळनाडूतील महाबलीपुरम येथे आशियाई अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि तीत रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळविले. कर्नाटकातील मुल्की येथे २००४ पासून आणि पुढे गोव्यातही या खेळाचे शिक्षण मिळू लागले आहे. बोर्ड आला की तो फुटणे आले आणि फुटला की दुरुस्ती आली. म्हणूनच हे कवच कसे चढवतात, त्यात काय चुकते आणि चुकीची किंमत कोण मोजते, हे समजून घेणे उपयोगाचे आहे.

गाभा थर्माकोलचा, म्हणून कवच इपॉक्सीचे

हवाई बेटांवर फार पूर्वीपासून लाटांवर स्वारी करण्यासाठी अखंड लाकडाच्या फळ्या वापरल्या जात. त्या जड असत. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्स यांच्यासारख्या कारागिरांनी हलका गाभा आणि त्यावर काचतंतूंचे आवरण, असा मार्ग काढला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा गाभा प्रचारात आणला. त्यावर पॉलिएस्टर रेझिन आणि काचकापड ही रीत पुढे जगभर रूढ झाली. क्लार्क यांची ‘क्लार्क फोम’ ही कंपनी अमेरिकेतील बहुतेक बोर्डांना गाभा पुरवीत असे. ५ डिसेंबर २००५ रोजी त्यांनी ती अचानक बंद केली. बोर्ड घडविणाऱ्यांची एका दिवसात कोंडी झाली आणि अनेक जण दुसऱ्या गाभ्याकडे वळले. तो गाभा म्हणजे एक्स्पांडेड पॉलिस्टायरिन, आपल्या बोलीतला थर्माकोल.

थर्माकोल हलका, स्वस्त आणि सहज मिळणारा. परंतु त्याचा एक दोष २०१८ च्या थर्माकोल बंदीपूर्वी गणपतीची मखरे करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. त्यावर थिनर किंवा चुकीचा गोंद पडला, की तो पाहता पाहता वितळतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरिन हे द्रावक असते आणि ते थर्माकोलला असेच खाऊन टाकते. इपॉक्सीत स्टायरिन नसते. त्यामुळे थर्माकोलच्या गाभ्यावर थेट चढविता येते ते इपॉक्सीच. शिवाय ते अधिक चिकटते, घट्ट होताना कमी आक्रसते आणि काहीसे लवचिक राहते.

हे रसायन आपल्या घरात नवे नाही. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तान यांनी दातांच्या कामासाठी प्रयोग करताना इपॉक्सीचा शोध लावला आणि सिबा कंपनीने १९४६ मध्ये ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने ते लोकांपुढे आणले. तुटलेला कप जोडणाऱ्या अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या आणि गळका नळ बंद करणाऱ्या ‘एम-सील’चे दोन रंगांचे गोळे, ही दोन्ही इपॉक्सीचीच रूपे. या दोन्ही नाममुद्रा आज भारतात पिडिलाइट कंपनीकडे आहेत. दोन नळ्यांतले सारखे सारखे काढून एकत्र घोटायचे, एवढे आपण जाणतो. सर्फबोर्डच्या कामाचे सारे शास्त्र त्या घोटण्यातच दडलेले आहे.

हार्डनर म्हणजे विरजण नव्हे

पॉलिएस्टर रेझिन घट्ट करण्यासाठी त्यात शेकडा एक-दोन भाग कॅटॅलिस्ट घालतात. ते दुधातल्या विरजणासारखे असते. थोडे अधिक घातले तर लवकर घट्ट होते, थोडे कमी घातले तर उशिरा. होड्यांवर काम केलेले कारागीर हवेचा अंदाज घेऊन हे प्रमाण हाताने बदलतात आणि ते बहुतेक वेळा निभावून जाते.

इपॉक्सीचा कारभार वेगळा आहे. तिथे हार्डनर क्रिया केवळ सुरू करून बाजूला होत नाही, तर स्वतः त्या कवचाचा भाग बनतो. रेझिनच्या प्रत्येक रेणूला हार्डनरचा ठरावीक वाटा लागतो. तो कमी पडला तर काही रेझिन जोडीदाराविना मऊ राहते. जास्त झाला तर उरलेला हार्डनर आत अडकून कवच कमकुवत होते. लवकर वाळावे म्हणून चमचाभर हार्डनर अधिक घालणारा कारागीर कवच लवकर घट्ट करीत नाही, ते बिघडवतो. वेग बदलायचाच असेल, तर कंपनीचा जलद किंवा मंद जातीचा वेगळा हार्डनर घ्यावा लागतो.

प्रमाण मोजण्यातही एक खोच आहे. सर्फबोर्डसाठी मिळणाऱ्या अनेक इपॉक्सींचे प्रमाण आकारमानाने दोनास एक असते. म्हणजे २०० मिलिलिटर रेझिनला १०० मिलिलिटर हार्डनर. पण रेझिन जड असते. त्याची घनता १.१५ आणि हार्डनरची १ धरली, तर या मापांचे वजन अनुक्रमे २३० ग्रॅम आणि १०० ग्रॅम भरते. कुणी तेच दोनास एक प्रमाण तराजूवर वजनाने घेतले, तर २३० ग्रॅमला ११५ ग्रॅम हार्डनर पडेल, म्हणजे पंधरा टक्के जास्त. डब्यावर छापलेले प्रमाण वजनाचे की मापाचे, हे आधी वाचणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. मोजल्यावर दोन-तीन मिनिटे सावकाश घोटावे, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडून आत घ्यावे, आणि शक्यतो ते मिश्रण दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून पुन्हा एकदा ढवळावे. कडेला चिकटलेले न मिसळलेले रेझिन बोर्डवर उतरले, तर तेवढा ठिपका कायमचा चिकट राहतो.

कापड, वजन आणि हिशेब

काचकापड विणलेले असते आणि त्याची जाडी वजनाने सांगतात. व्यवसायात ‘चार औंस’ आणि ‘सहा औंस’ अशी नावे रुळली आहेत. हे वजन एका चौरस यार्डाचे असते. मेट्रिक हिशेबात ते चौरस मीटरला सुमारे १३५ आणि २०० ग्रॅम होते. होड्यांसाठी जी तुकड्या-तुकड्यांची जाड मॅट वापरतात, ती इथे चालत नाही. ती फार रेझिन पिते आणि बोर्ड जड होतो.

सहा फुटांच्या बोर्डाच्या वरच्या बाजूला, जिथे पाय रोवायचे असतात, तिथे कापडाचे दोन थर घालतात. तळाला बहुधा एक. हाताने केलेल्या कामात कापडाइतकेच वजन रेझिनचे असावे, असा ढोबळ नियम आहे. कडांवरून दुमडायचे कापड धरून एका बाजूला सुमारे एक चौरस मीटर कापड लागते. म्हणजे वर चार औंसाच्या दोन थरांचे २७० ग्रॅम कापड आणि तेवढेच रेझिन. त्यात भांड्याला आणि जमिनीला जाणारा वाटा धरून तीनशे-साडेतीनशे ग्रॅम कालवावे. रेझिन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज आहे. ताकद काचेच्या धाग्यात आहे. जादा रेझिन केवळ वजन आणि ठिसूळपणा वाढवते.

कामाचा क्रम

गाभ्याला तासून आकार दिला, की त्याच्या पृष्ठभागावरील दाण्यांमधल्या फटी बुजवाव्या लागतात. त्यासाठी इपॉक्सीत मायक्रोबलून म्हणजे काचेची अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची भुकटी कालवून पातळ लेप देतात किंवा हलकी पुट्टी ओढतात. हे टाळले तर थर्माकोल रेझिन पीत राहतो आणि कापड कोरडे पडते.

पुढे बोर्ड पालथा ठेवून तळावर कापड अंथरतात. कडेपासून पाच सेंटिमीटर खाली लोंबेल इतके ते कापतात आणि वळणांवर छोट्या चिरा देतात, म्हणजे ते चुण्या न पडता दुमडते. मग कालवलेले रेझिन भांड्यात न ठेवता लगेच बोर्डच्या मध्यावर ओततात. याला कारण आहे. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता सोडते. भांड्यात ती कोंडते, कोंडली की क्रिया आणखी वेगाने होते आणि काही मिनिटांत भांडे हाताला चटका देऊ लागते, प्रसंगी धूरही येतो. तेच रेझिन पातळ पसरले, की उष्णता निघून जाते आणि कामाला वेळ मिळतो.

आता मऊ रबरी पट्टी घेऊन मधून कडेकडे रेझिन पसरवायचे. काचकापडाचा पांढरा रंग जाऊन ते पारदर्शक झाले, की ते भिजले असे समजावे. कडेचे लोंबणारे कापडही भिजवून दुमडून चिकटवतात. शेवटी पट्टीवर किंचित दाब देऊन जादा रेझिन निपटून काढतात. कापडाची वीण हाताला जाणवली पाहिजे. तळे साचलेले दिसता कामा नये. हा सारा खेळ पंधरा-वीस मिनिटांचा असतो. त्यानंतर हात लावायचा नाही.

थर घट्ट झाला, की दुमडलेल्या कडा घासून सपाट करतात, बोर्ड उलटतात आणि वरच्या बाजूचे दोन थर याच रीतीने चढवतात. मग ब्रशने रेझिनचा एक भरणीचा थर देतात; त्याने विणीतले खळगे भरतात. मागे सुकाणूसारखे काम करणाऱ्या फिनच्या खाचा आणि पायाला बांधायच्या दोरीचा खुंट बसवतात. शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात करून बारीक होत जात घासकाम करतात. घासताना कापडाला धक्का लागता कामा नये. तिथे कापड कापले गेले, तर पाणी शिरायला तेवढी वाट पुरते. बोर्ड दुसऱ्या दिवशी कोरडा वाटला, तरी त्याला पूर्ण बळ येण्यास साधारण आठवडा लागतो. तोवर त्याला पाण्यात नेऊ नये.

खाडीकाठची हवा

आता मुद्दा येतो नवी मुंबईचा. जुलैत येथील हवेतील आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांवर जाते. इपॉक्सीच्या हार्डनरमध्ये अमाइन नावाची संयुगे असतात. दमट हवेत ती पाण्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर मेणचट, तेलकट साय धरते. डोळ्यांना ती क्वचितच दिसते. त्यावर दुसरा थर चढवला, तर तो कवचाला न चिकटता त्या सायीला चिकटतो आणि काही महिन्यांनी पापुद्र्यासारखा सुटतो. ही साय पाण्यात विरघळते. म्हणून पुढच्या थरापूर्वी बोर्ड साध्या पाण्याने आणि भांडी घासण्याच्या खरखरीत चौकटीने धुऊन, पुसून, मगच घासावा. आधी घासले तर साय पेपरला चिकटून आणखी पसरते. थिनरने पुसून ती जात नाही.

मच्छीमारांच्या होड्यांबाबत येथे एक विचित्र योग आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि हात मोकळे असतात ते याच दोन महिन्यांत. आणि रेझिनच्या कामाला सर्वांत वाईट हंगामही हाच. म्हणून मोठे काम मे महिन्याआधी आटोपावे, आणि पावसाळ्यात करावेच लागले तर बंद खोलीत, वातानुकूलन लावून, काचकापडही आदल्या दिवसापासून त्याच कोरड्या खोलीत ठेवून करावे.

तापमानाचे गणितही असेच आहे. दहा अंशांनी तापमान वाढले, की क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. थंड प्रदेशातल्या कंपनीने डब्यावर वीस मिनिटांचा अवधी छापला असेल, तर मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तो दहा मिनिटांवर येतो.

आणखी एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये हवा असते. सकाळी काम सुरू केले आणि ऊन चढत गेले, तर आतली हवा प्रसरण पावते आणि ओल्या रेझिनमधून बुडबुडे काढीत बाहेर येते. कवचावर टाचणीच्या अग्राएवढी शेकडो भोके राहतात. तेच काम दिवस उतरणीला लागल्यावर, संध्याकाळी केले, तर गाभा थंड होत जातो, हवा आकुंचन पावते आणि रेझिन उलट आत ओढले जाते. हीच चूक वातानुकूलित खोलीतून थंड बोर्ड बाहेरच्या उष्म्यात आणून काम करणाऱ्याच्या हातूनही होते. बोर्ड आणि खोली यांचे तापमान आधी एक होऊ द्यावे, आणि काम तापमान उतरत असताना करावे. ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी या काळातली कोरडी संध्याकाळ नवी मुंबईत या कामासाठी उत्तम.

वास नाही म्हणून धोका नाही?

पॉलिएस्टरचा वास नाकात जातो, डोके दुखते आणि माणूस आपोआप दारे-खिडक्या उघडतो. इपॉक्सीला फारसा वास नाही. म्हणूनच ते निर्धोक आहे, असे समजून उघड्या हाताने काम करणारे पुष्कळ दिसतात. वस्तुस्थिती उलट आहे. न घट्ट झालेले रेझिन आणि विशेषतः हार्डनर त्वचेवर वारंवार लागले, की शरीर त्याविरुद्ध कायमचे चेतते. पहिले काही महिने काहीच होत नाही. मग एके दिवशी मनगटावर, बोटांच्या बेचक्यांत, पापण्यांवर खाज आणि पुरळ उठते. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली, की पुढे अत्यल्प स्पर्शही पुरतो. मलमाने पुरळ बरे होते, अ‍ॅलर्जी जात नाही. त्या कारागिराला बहुधा ते काम सोडावे लागते. हात हेच ज्याचे भांडवल, त्याच्यासाठी ही किंमत रेझिनच्या कोणत्याही डब्यापेक्षा मोठी आहे.

उपाय खर्चिक नाहीत. नायट्रिलचे हातमोजे घालावेत आणि रेझिन लागताच बदलावेत. साधे पातळ रबरी मोजे पुरेसे नाहीत. लांब बाह्यांचा सदरा आणि चष्मा असावा. अंगाला लागलेले रेझिन थिनर किंवा अ‍ॅसिटोनने पुसण्याची सवय सर्वांत वाईट. द्रावक त्वचेवरचे तेल काढून रेझिनला आत शिरण्याची वाट करून देते. साबण आणि पाणी वापरावे. अर्धवट घट्ट झालेला थर घासू नये, कारण त्याची धूळ न मुरलेल्या रसायनासह श्वासात जाते. पूर्ण घट्ट झालेल्या थराचे घासकामही नाकातोंडाला घट्ट बसणारा धुळीचा मास्क लावून आणि शक्य तिथे पाणी मारून करावे. काचेची भुकटी त्वचेला आणि फुप्फुसाला दोन्हींना त्रासदायक असते.

सोसायटीच्या गच्चीवर किंवा सदनिकेच्या बाल्कनीत हा छंद करणाऱ्यांनी दोन पथ्ये आणखी पाळावीत. उरलेले रेझिन मोरीत ओतू नये. ते नळीतच दगड होते. भांड्यात उरलेले मिश्रण कागदाच्या किंवा कापडाच्या ढिगाजवळ ठेवू नये. उघड्यावर पातळ पसरून घट्ट होऊ द्यावे. न कालवलेले जुने रेझिन आणि हार्डनर हा घातक कचरा आहे. कारखान्यांच्या अशा कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र तळोजा औद्योगिक वसाहतीत आहे. कार्यशाळा चालविणाऱ्यांनी घरगुती कचऱ्याच्या गाडीऐवजी त्याच मार्गाने तो द्यावा.

‘म्हादेई’ची साक्ष

पातळ कवच आणि हलका गाभा यांची जोडी किती सोसू शकते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण गोव्यात आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन गुळगुळीत कागदांमध्ये नागमोडी थर असतो. कागद एकेकटा लिबलिबीत. पण त्यांच्यात अंतर राखले, की खोके वजन पेलते. बोर्ड वाकतो तेव्हा एका बाजूचे कापड ताणले जाते, दुसऱ्या बाजूचे दाबले जाते आणि गाभा दोघांमधले अंतर राखतो. गाभ्यापासून कवच सुटले, की ही सारी रचना कोसळते.

मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत याच तत्त्वावर, लाकडाच्या गाभ्याला काचतंतूंचे आवरण देऊन, ५६ फुटी ‘म्हादेई’ हे शिडाचे जहाज बांधले गेले. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय खलाशाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना मांडली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये ‘म्हादेई’ नौदलात दाखल झाली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे नोव्हेंबर २०१२ ते मार्च २०१३ या काळात अभिलाष टॉमी यांनी याच जहाजातून कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. याच गोदीत बांधलेले तिचे जुळे भावंड ‘तारिणी’ २०१७ मध्ये नौदलात आले. त्यातून सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि लेफ्टनंट कमांडर दिलना के. व रूपा ए. या दोघींनी २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात पृथ्वीला फेरी घातली. दक्षिण महासागराच्या लाटा सोसणारे ते अंगही अखेर हाताने, थरावर थर देत घडले होते.

फुटलेला बोर्ड

सर्फबोर्डला तडा गेला, तर पहिला नियम : पाण्यातून बाहेर यावे. थर्माकोलचा गाभा फटीतून पाणी ओढतो. बोर्ड सावलीत, तडा खाली येईल असा आडवा टेकवून वाळवावा. तो पुरता वाळला की नाही, हे रोज वजन करून कळते. वजन उतरायचे थांबले, की आत पाणी उरले नाही. ओल्या गाभ्यावर बसवलेले ठिगळ टिकत नाही.

दुसरा नियम : गाभा कशाचा आहे, हे आधी ओळखावे. बाजारात मिळणाऱ्या दुरुस्तीच्या काही संचांत पॉलिएस्टर रेझिन असते. ते उघड्या थर्माकोलवर पडले, तर लहान तड्याचा मोठा खड्डा होतो. उलट इपॉक्सी दोन्ही जातींच्या बोर्डांवर चालते. शंका असेल तेव्हा इपॉक्सीच वापरावे. मग सुटलेले कवच कापून काढावे, भोवतीचा भाग ८० नंबरच्या पेपरने खरबरीत करावा, खळगा मायक्रोबलून कालवलेल्या इपॉक्सीने भरावा, त्यावर जखमेपेक्षा सर्व बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोठे काचकापडाचे ठिगळ बसवावे आणि शेवटी भरणीचा थर देऊन घासावे.

दुरुस्त केलेला बोर्डही उन्हापासून जपावा. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळे पडते. बंद मोटारीत किंवा टपावर दुपारभर ठेवलेल्या काळ्या पिशवीतल्या बोर्डचा थर्माकोल मऊ होऊन कवच त्यापासून सुटू शकते.

चौकट : दोष आणि त्यांची कारणे

काही जागी कायम चिकटपणा : मिश्रण नीट घोटले नाही, किंवा प्रमाण चुकले. मऊ भाग खरवडून काढावा; वरून नवा थर देऊन तो बरा होत नाही.

टाचणीएवढी भोके : तापमान चढत असताना काम केले, किंवा गाभ्याच्या फटी बुजवल्या नाहीत.

पांढुरके डाग : कापड पूर्ण भिजले नाही, किंवा रबरी पट्टी जोरात फिरवल्याने रेझिनचा फेस झाला.

वरचा थर पापुद्र्यासारखा सुटणे : दोन थरांमध्ये साय धुतली नाही, किंवा घासले नाही.

नव्या थरावर माशाच्या डोळ्यासारखी वर्तुळे : पृष्ठभागावर तेल, मेण किंवा हाताचा घाम राहिला.

बोर्ड अपेक्षेपेक्षा जड : जादा रेझिन निपटून काढले नाही.

या यादीतला एकही दोष रेझिन महाग होते की स्वस्त, यावर अवलंबून नाही. प्रत्येकाचे मूळ मापात, वेळेत किंवा स्वच्छतेत आहे. कारखान्यातून निघालेला डबा सर्वांना सारखाच मिळतो. तराजूवर वाचलेला आकडा, संध्याकाळची निवडलेली वेळ आणि हातातले मोजे मात्र काम करणाऱ्याच्याच स्वाधीन असतात.